तीन पेडांचा मफलर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि गेली तीसेक वर्षे कविता लिहितो आहे. तेव्हा आज मी कवितेवर बोलेन, असे तुम्हाला वाटले असेल. पण मला सांगायचे आहे ते एका मफलरविषयी. तो मी स्वतः विणला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आणि बायकोच्या हाताखाली.

आमच्या घरात विणकाम तिचे. गणपतीचे दिवस सरले की तिच्या मांडीवर लोकर आलीच. माझ्याबरोबर कविसंमेलनाला यायची, तेव्हाही मागच्या रांगेत तिच्या सुया चालू असत. त्या बारीक टकटकीचा मला राग यायचा. मी चंद्रावर लिहिले, नदीवर लिहिले, अम्मीच्या जात्यावर लिहिले. पण रोज डोळ्यांसमोर विणत बसलेल्या या बाईवर एक ओळही लिहिली नाही.

२०२३च्या ऑक्टोबरात तिला पक्षाघात झाला. दवाखान्यात वेळेवर नेले म्हणून जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि मनातला शब्द ओठांवर येईना. पाणी मागायचे असले की तोंडून भलताच शब्द निघायचा. मग ती ओशाळायची आणि गप्प व्हायची. हळूहळू ती गप्पच राहू लागली. आयुष्यभर शब्दांशी खेळलेल्या माणसाच्या घरात दिवसदिवस कोणी बोलत नव्हते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक गोष्ट समजावून सांगितली. अशा आजारात वस्तूंची नावे सापडत नाहीत, पण पाठ झालेले पुष्कळदा जिभेवर शाबूत राहते. आकडे, वार, लहानपणापासूनची प्रार्थना. ते खरेच होते. नमाजातल्या सूरा ती अडखळल्याशिवाय म्हणत होती. बाई म्हणाल्या, रोज आकडे म्हणवून घ्या. पण पन्नाशीतल्या बाईला एक ते वीस म्हणायला सांगितले, तर तिला शाळेत बसवल्यासारखे वाटणारच. दोन दिवसांत तिने मान फिरवली.

डिसेंबरात ट्रंक आवरताना लोकर निघाली. मुलगी दिल्लीला नोकरी करते. तिथली थंडी आपल्या थंडीसारखी नाही, हाडांत शिरते. तिच्यासाठी या वर्षी काही विणायचे, असे हिने आधीच ठरवले होते. डाळिंबी लोकरीच्या चार नव्या लड्या आणून ठेवल्या होत्या. मी सुया घेतल्या, तिच्या खाटेजवळ बसलो आणि म्हटले, ‘‘शिकव.’’

पहिले टाके सुईवर घ्यायलाच संध्याकाळ गेली. मी टाका घ्यायचो, ती मोजायची. एक, दोन, तीन. बारापर्यंत स्वच्छ मोजले. तेराव्याला डाव्या हाताने माझे मनगट धरले. बारा पुरे.

तिच्या मनात तीन पट्ट्यांची वेणी होती. तीन रंगांच्या तीन लांब पट्ट्या वेगवेगळ्या विणायच्या आणि मग त्यांची वेणी घालायची. दुसरा रंग मुलीच्या शाळेच्या निळ्या स्वेटरचा, तिसरा माझ्या जुन्या राखाडी स्वेटरचा. दोन्ही तिनेच हाताने विणलेले, म्हणून उसवता आले. कापून शिवलेला बाजारी स्वेटर उसवला तर हातात तुकडेच येतात.

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तशीच विणली तर वीण खडबडीत येते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली हलके वजन बांधून वाळत घालायची. मग धागा सरळ होतो. हे सारे मी तिच्या खुणांवरून शिकलो. मफलर जाड हवा, म्हणून दोन-दोन धागे एकत्र धरले आणि तीन नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात. नंबर लहान, तशी सुई जाड. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, तर तीन नंबरची साडेसहाची.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणत गेलो. वीतभर झाल्यावर पट्टीच्या कडा मागे वळू लागल्या. मला वाटले, बिघडले. ती हसली. आजारपणानंतर प्रथमच हसली. या विणीच्या कडा वळतातच. स्वेटरमध्ये तो त्रास असतो. वेणीत मात्र त्यामुळे प्रत्येक पेड गोल, गुबगुबीत होतो.

टाका सुटला की खालच्या ओळी शिडीसारख्या उसवत जातात. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा मी सारे काढून टाकायला निघालो होतो. तिने क्रोशाची सुई मागितली. शब्द आठवला नाही, बोटाने आकडा काढून दाखवला. त्या सुईने खालचा टाका धरून एकेक ओळ वर चढवता येते. कवितेत मी बिघडलेली ओळ सरळ खोडून टाकतो. इथे खालची ओळ सांभाळल्याशिवाय वरची उभी राहत नाही.

जानेवारीत पाच-पाच फुटांच्या तीन पट्ट्या झाल्या. टाके बंद केले, वेणी घातली, तर मफलर चार फूटही भरेना. वेणीत लांबी मुरते, हे मुलीच्या वेण्या घालणाऱ्या आईला ठाऊक होते, मला नव्हते. तिने सांगायचा प्रयत्न केला असेल. मला कळले नसेल. वेणी सोडली. पट्टीचे टाके बंद केलेले टोक उसवून पुढे विणता येते, म्हणून बरे. प्रत्येक पट्टीला आणखी दोन फूट जोडले.

दुसऱ्यांदा वेणी घालायला बसलो, तेव्हा तिन्ही टोके तिने डाव्या मुठीत घट्ट धरली. मी जोर लावून ओढत होतो. नीटनेटके दिसावे म्हणून. वीतभर वेणी झाली ती गुराच्या दाव्यासारखी. अचानक ती आमच्या घरातल्या दखनीत म्हणाली, ‘‘ढिल्ला छोडो जी.’’

मी हात थांबवला. तीन महिन्यांत पाठ नसलेले तिचे पहिले वाक्य होते ते.

सैल सोडायचे कारण साधे आहे. ऊब धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. पेड करकचून आवळले की हवेला जागा उरत नाही. मफलर दोरासारखा दिसतो आणि दोराइतकीच ऊब देतो. मी पुन्हा सोडले, पुन्हा गुंफले. डाळिंबी, निळा, राखाडी. आळीपाळीने प्रत्येक रंग वर येत राहिला.

मफलर दिल्लीला पोचला तेव्हा थंडी ओसरत आली होती. मुलीने तरी तो घातला. एक कड वाकडी आहे, ती माझी.

तिचा उजवा हात अजून पुरता वळत नाही. बोलणे पुष्कळ सुधारले आहे. कधी शब्द अडतो, तेव्हा मी तो पटकन पुरवत नाही, थांबतो. ही सवय मला त्या वेणीने लावली. तुमच्या घरात कोणी विणत असेल, तर आजच त्यांच्याशेजारी जाऊन बसा, लोकरीची लडी हातांवर धरा आणि शिकवायला सांगा. मी तीस वर्षे उशीर केला.