बातमी आणणारा माणूस

दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध म्हटलं की आपल्याला लेडीस्मिथचा वेढा आठवतो, स्पियान कॉपला जखमी वाहून नेणारे गांधीजी आठवतात. बोअरांच्या बाजूनं लढलेला डॅनी थेरॉन कुणाला आठवत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1872 चा जन्म, क्रूगर्सडॉर्पला वकिली. युद्ध पेटलं तेव्हा त्यानं निरोप पोचवायला सायकलस्वारांची तुकडी उभारली. सायकलीला दाणा लागत नाही की वैरण लागत नाही. पुढे टेहळणी पथकाचा तो प्रमुख झाला.

टेहळणी म्हणजे काय? पाटाला पाणी सुटायचं असलं की घरातल्या पोराला बघायला पाठवतात ना? पोरगं काट्याकुट्यातून पळत येतं, म्हणतं, पाणी वरच्या शेतापर्यंत आलंय, चला, दारं धरा. ओसरीवरची मंडळी मात्र बोलतच बसतात आणि पाळी निघून जाते.

फेब्रुवारी 1900, पार्डेबर्ग. बोअर सेनापती क्रोन्ये सुमारे 4,000 माणसांसह मॉडर नदीकाठी वेढला गेला होता. बाहेरून सेनापती डी वेटचा निरोप होता: फळी फोडून निघा, आम्ही मदतीला येतो. थेरॉन रात्री इंग्रजांच्या पहाऱ्यातून सरपटत आत गेला आणि तसाच परत आला. कपडे फाटलेले, गुडघ्यांची सालं गेलेली, रक्त वाहत होतं. आणलं काय? क्रोन्येचं उत्तर: या बेतात फारशी आशा दिसत नाही. म्हणजे पोरगं सांगून गेलं आणि दारं धरायला कुणी उठलंच नाही! नदीला पाणी चढलं होतं, घोडी मेली होती, हे मला मान्य आहे. पण 27 फेब्रुवारीला, बरोबर बोअरांच्या माजुबाच्या जुन्या विजयाच्या दिवशी, क्रोन्ये शरण गेला.

मंडळी, एक सांगतो. थेरॉनचं नाव निघालंच तर त्याचं सरपटणं सांगतात, त्यानं नेलेला निरोप कुणी सांगत नाही. तुम्ही तरी तो निरोप विसरू नका.

इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सनं थेरॉनच्या डोक्यावर 1,000 पौंड लावले होते. 5 सप्टेंबर 1900 ला गात्सरांडच्या टेकडीवर तो एकटाच टेहळणीला गेला. प्रमुख होता, दुसऱ्याला पाठवता आलं असतं. पण पाणी कुठवर आलंय ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिथं तोफांच्या माऱ्यात तो गेला. वय 28.

त्याच्या माणसांनी नंतर त्याला आयकेनहोफला नेलं. लग्न ठरलेली हॅनी नीथलिंग त्याच्या आधीच वारली होती, तिच्या शेजारी पुरलं.