तळ्यातला तराफा आणि गल्लीतली बाज

तुमच्यापैकी ज्यांनी विस्कॉन्सिनात तळ्याकाठी कॉटेज घेतलंय, त्यांच्याशी आज थोडं भांडायचंय. पोरांना उड्या मारायला तो पोहण्याचा तराफा इतका आत नेऊन का टाकता?

‘नियमात 200 फूट बसतात,’ असं लगेच उत्तर येतं. बसतात. काठ तुमचा असेल, तराफ्याखालून पाणी मोकळं फिरत असेल आणि कोणाची वाट अडत नसेल, तर 200 फुटांच्या आत वेगळा परवाना लागत नाही. गावाचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी विचारा. पण 200 ही शेवटची हद्द आहे, तिथंच टाका असा हुकूम नाही!

उन्हाळ्यात आपण गल्लीत बाज टाकून झोपायचो. भिंतीला लागून टाकली तर कोणी काही बोलायचं नाही. मधोमध टाकली की सायकलवाला घंटी बडवायचा, आणि बरोबरच होतं त्याचं. गल्ली सगळ्यांची. तळंही तसंच. नावा चालतील असं पाणी सर्वांना कायमचं खुलं, हे विस्कॉन्सिनच्या 1848 च्या घटनेतच आहे. नैसर्गिक तळ्याचा तळसुद्धा राज्य जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळतं. तुम्ही कर भरता तो काठापर्यंतचा.

आता खरा मुद्दा. तराफ्यापासून 100 फुटांच्या आत मोटरबोटीला लाट न उठवता, अगदी हळू जावं लागतं. म्हणजे दहा बाय दहाचा तराफा तीस गुंठ्यांहून जास्त पाणी अडवून बसतो. बाज एवढीशी, पण तिच्यासाठी अख्खी गल्ली दबकत चालणार! काठालगतच्या 100 फुटांत बोटी तशाही हळूच न्यायच्या असतात. तराफा काठाजवळ असला की त्याचा बराचसा घेर या पट्ट्यातच जिरतो. 200 फुटांवर नेलात की सगळा घेर पट्ट्याबाहेर. पुन्हा सांगतो, कारण हे कोणी ध्यानात घेत नाही: जागा तराफा खात नाही, त्याचा घेर खातो.

उडी मारायला खोली हवी, कबूल. मग दोरीला वजन बांधून खोली मोजा आणि ती पुरेशी भरली की तिथंच थांबा. रात्री बाजेच्या पायाशी कंदील ठेवायचो, तसे तराफ्याच्या चारी बाजूंना रिफ्लेक्टर लावा. शेजारच्या मिनेसोटात ते लागतातच. आणि बर्फ धरायच्या आत तराफा बाहेर काढा. सकाळ झाली की बाज उचलायचीच ना?

नांगराबद्दल बरंच सांगायचं होतं, पण समोरून हात दाखवताहेत. एवढंच सांगतो, साखळी फार सैल सोडू नका. वाऱ्यानं तराफा फिरतो आणि तुम्ही मोजून टाकलेलं अंतर… बरं, थांबतो.