खाड्याचा हिशेब



व्यापारी, जिनिंगवाले, शाळा-पतसंस्था चालवणारे अशांच्या या सभेचा अध्यक्ष म्हणून मला विषय दिलाय तो नोकरदाराच्या मानसिक आरोग्याचा आणि त्यातल्या मालकाच्या वाट्याचा. पत्रिका वाचून आपले एक आडते मला मोंढ्यातच म्हणाले, "साहेब, हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं दुखणं. मंठ्यात कुणाला सवड आहे टेन्शन घ्यायला?" सवड नाही हे खरं. पण मी सगळी हयात एका पतसंस्थेत हजेरीपत्रक सांभाळलं. त्यामुळं माझं बोलणं एकाच शब्दाभोवती फिरणार आहे. तो शब्द म्हणजे खाडा.

हा शब्द आपल्याला नवा नाही. पावसाळा सरला की आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंगात ताप असो की बाळंतपण जवळ आलेलं असो, एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याला दंड. शेजारच्या बीड जिल्ह्याचं तुम्हाला आठवत असेल. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडे आले. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती. कोवळ्या वयातली लग्नं, फडावरचं उघडं जिणं, कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर. पण पाळीच्या दुखण्यानं खाडे पडतात, हेही त्या बायांनीच सांगितलं. हजेरीचा नियम माणसाच्या डोक्यात किती खोल उतरतो, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि या बाईचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडं. मालकच सापडत नाही, तिथं त्याची जबाबदारी कुठून सापडणार?

आपण इथं बसलेले मात्र सापडणारे मालक आहोत. नोकराचं घर आपल्याला माहीत असतं, त्याच्या बापाला आपण नावानं हाक मारतो. म्हणून आता माझं स्वतःचं सांगतो.

आमच्याकडं पिग्मी गोळा करणारा एक पोरगा होता. नाव सांगत नाही. हिशेबाला चोख. मराठवाड्यात एकामागून एक पतसंस्था आणि मल्टिस्टेट अडचणीत येत होत्या, त्या दिवसांत तो मधूनमधून गैरहजर राहू लागला. कधी पोटदुखी, कधी ताप, एकदा मामा वारले. त्याच मामांना मी त्या आठवड्यात बसस्टँडवर पाहिलं होतं. त्यात मार्च एंड. वसुलीचा धसका माझ्याही डोक्यावर. मी त्याला काउंटरपुढं, चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं, "पगार काय फुकटचा घेतो का रे?" तो काही बोलला नाही. पिशवी आणि पावतीपुस्तक टेबलावर ठेवून निघून गेला. लाल शाईचे तीन खाडे मीच मांडले होते.

पुढं बऱ्याच दिवसांनी त्याचा बाप भेटला. म्हणाला, "साहेब, पोरगं रात्र-रात्र झोपत नव्हतं." गल्लीतली माणसं त्याला अडवून विचारत होती, आमचा पैसा बुडणार नाही ना? ते पैसे त्याच्या मावशीचे, शाळेतल्या बाईंचे, चहावाल्याचे. आमची संस्था बुडाली नाही. पण ती बुडणार नाही, हे मी त्याला एकदाही बसवून सांगितलं नव्हतं. ठेवीदारांसाठी मी दारावर फलक लावला होता. माझ्याच माणसासाठी माझ्याकडं पाच मिनिटं नव्हती.

रजेच्या अर्जांचा गठ्ठा पुढं मी पुन्हा चाळून पाहिला. पोटदुखी, ताप, लग्नकार्य, दहावा. जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, कामावर यायची भीती वाटते, असं एकाही अर्जात नव्हतं. कोण लिहील? आपल्याकडं एवढं लिहिलं की वेड्यात काढतात, आणि मुलाची सोयरीक मोडते ती वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेनं हा खाडा जगभरचा मोजलाय. नैराश्य आणि चिंतेपायी वर्षाला 1,200 कोटी कामाचे दिवस बुडतात. आपल्याकडं कायदे आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं. नोकरांचा विमा काढणाऱ्यांनी पॉलिसी एकदा उघडून बघावी. 2022 च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कॅलेंडरशेजारी तेवढे पाच आकडे लिहायला खर्च नाही. पण दुकानं-आस्थापना कायद्याचे कामाचे तास, सुट्ट्या हे मुख्यतः मोठ्या आस्थापनांसाठी. दोन-चार माणसं कामाला असलेल्या आपल्या दुकानांत निरीक्षक यायचा नाही आणि समुपदेशकही यायचा नाही. तिथं गल्ल्यावर बसलेला माणूसच सगळं.

म्हणून योगासनांचं शिबिर भरवण्याआधी पगाराची तारीख पाळा, असं मी म्हणेन. पाच तारखेचा पगार वीस तारखेला मिळतो, त्या घरात मधले पंधरा दिवस किराणावाला काय बोलतो, ते ऐकून या. रात्री दहाला फोन करून "उद्या लवकर ये" म्हणणं बंद करा. रागवायचंच असेल तर आत बोलावून रागवा. आणि माणूस दवाखान्यातून गोळ्या घेऊन परत आला, तर त्याची खुर्ची जागेवर असू द्या. लोक औषधं मध्येच सोडतात, त्यामागं पुष्कळदा खुर्ची जाण्याचं भय असतं.

एक सूचना मात्र ठरावात घ्यावी. तीन दिवसांपर्यंतच्या रजेच्या अर्जातला 'कारण' हा रकाना काढून टाका. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मी हे आमच्या संस्थेत केलं, तेव्हा एक संचालक कडाडले, "मग उद्या सगळे घरीच बसतील!" वर्षअखेर मी हजेरीपत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. फक्त दोन माणसांच्या रजा वाढल्या होत्या. त्यातला एक मी होतो.