सरकारी शाळा आणि खासगी शाळा : परभणीचा धडा



'सरकारी' आणि 'खासगी' हे शब्द आपण नित्य वापरतों. परंतु त्यांचे अर्थ वाटतात तितके स्थिर नाहींत. परभणी जिल्ह्यांतील हायस्कुलांचा इतिहास पाहिला, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत ते कसे पालटले हें ध्यानांत येतें.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामी राज्याचा भाग होता. येथील बहुसंख्य लोक मराठी बोलणारे. परंतु सरकारी हायस्कुलांतील शिक्षण उर्दूंतून चाले, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. उच्च शिक्षण देशी भाषेंतून देण्याच्या त्या प्रयोगाचें सर्वत्र कौतुक झालें, आणि तें अस्थानीं नव्हतें. मात्र ज्याच्या घरीं ती भाषा नव्हती, त्या शेतकऱ्याच्या मुलाला भूगोल शिकण्यापूर्वीं भूगोलाची भाषा शिकावी लागे.

या अडचणीवर उपाय म्हणून लोकांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ सालीं, अंबाजोगाईची योगेश्वरी १९१७ सालीं निघाली. आपल्या जिल्ह्यांत सेलूचें नूतन विद्यालय उभें राहिलें. हैदराबादच्या विवेकवर्धिनीच्या संस्थापकांपैकीं केशवराव कोरटकर हे मूळचे याच भागांतील. अशा शाळा चालविण्यास सरकारी परवानगी लागे आणि पैसा तर नेहमींच अपुरा असे. योगेश्वरीचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ हे १९३८ च्या सत्याग्रहांत उतरले, यावरून त्या शाळांतील वातावरणाची कल्पना येईल. या शाळा नांवानें खासगी होत्या. वृत्तीनें मात्र त्या सार्वजनिकच होत्या.

पुढें राज्य बदललें, माध्यम मराठी झालें. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि गांवोगांवच्या जुन्या सरकारी हायस्कुलांना 'जिल्हा परिषद प्रशाला' हें नांव मिळालें. खासगी शाळांत आतां दोन जाती झाल्या आहेत. अनुदानित शाळेंतील शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरींतून येतो. २०१२ च्या कायद्यान्वयें निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेंतील शिक्षकाचा पगार पालकांच्या खिशांतून. म्हणजे 'खासगी' या एकाच शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु नांदत आहेत.

येथें एक गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठीं राखून ठेवल्या. परंतु त्या कायद्याचें छत्र आठव्या इयत्तेपर्यंतच पुरतें. नववीला, म्हणजे हायस्कूल जेथें खरें सुरू होतें तेथेंच, तें संपतें. जिंतूर किंवा पालम तालुक्यांतील मजुराची मुलगी आठ वर्षें ज्या वर्गांत बसली, त्या वर्गाची फी नववीला तिच्या बापापुढें उभी राहते. त्या वेळीं जवळची प्रशाला उत्तम असेल, तर त्या मुलीचें कांहींच बिघडणार नाहीं. ती ओस पडली असेल, तर शाळाच सुटण्याचें भय आहे.

प्रशाला ओस कां पडते? ज्यांच्या तक्रारीची साहेब दखल घेतो, अशा सुशिक्षित घरांतील मुलें तेथून निघून जातात म्हणून. न्यूयॉर्क शहरांत स्टायव्हसंट नांवाचें सरकारी हायस्कूल आहे. तेथें फी नाहीं, प्रवेशपरीक्षा आहे. आणि तेथें आपल्या मुलास जागा मिळावी म्हणून सुखवस्तु घरेंही धडपडतात. निवडक मुलांची शाळा हा सर्वांसाठीं उपाय नव्हे, हें खरें. पण सरकारी म्हणजे निरुपायाची, हा समज त्यामुळें खोटा ठरतो.

आपलीं मुलें कोणत्या शाळेंत घालावीं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्या पिढीनें पदरमोड करून शाळा काढल्या, तिनें केवळ स्वतःच्या मुलांपुरता विचार केला नव्हता. आपल्या वाड्यालगतच्या प्रशालेंत विज्ञानाचा शिक्षक आहे कीं नाहीं, प्रयोगशाळेचें कुलूप उघडतें कीं नाहीं, एवढी चौकशी तरी आपण वर्षांतून एकदां करावी. आपला मुलगा तेथें शिकत नसला, तरी ती शाळा आपलीच आहे.