‘पडीक’ म्हटलं की लांडगाही जातो आणि माणूसही
(जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वन्यजीव अभ्यासक आहे. रस्ता, खाण, कारखाना, धरण असा एखादा प्रकल्प येणार असला की त्याच्या पर्यावरण परिणाम अहवालातला जैवविविधतेचा भाग माझ्याकडे तपासायला येतो. तिथं कोणते प्राणी-पक्षी आहेत, प्रकल्पामुळे त्यांचं काय होईल, नुकसान कमी करायला सुचवलेले उपाय खरंच उपयोगाचे आहेत का, यावर मी लेखी शेरे देते. ते मानायचे की नाही हे ठरवणारे दुसरे असतात.

चळवळीतले कार्यकर्ते मला नेहमी विचारतात, “ताई, आपल्या माणसांना अजून धड जमीन नाही, स्मशान नाही, आणि तुम्ही लांडग्याचं काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी कामाची पद्धत सांगते. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. प्रकल्पाची छाननी होते, अभ्यासाच्या अटी ठरतात, जनसुनावणी होते आणि शेवटी तज्ज्ञ समिती अहवाल तपासते. कागदावर हे चांगलं दिसतं. पण अहवाल कोण लिहितं? कंपनीने नेमलेला सल्लागार. त्याचे पैसे कोण देतं? कंपनीच. ज्याला मंजुरी पाहिजे तोच परीक्षकाची फी भरतो. मग अहवालात काय येणार? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला मजकूर सापडला होता. ते प्रकरण गाजलं म्हणून कळलं. जे गाजत नाहीत ते आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात.

अहवाल हातात आला की मी तीन गोष्टी बघते.

पहिली, पाहणी कधी केली. बहुतेक अहवालांत पावसाळा सोडून एकाच हंगामाची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची पाहणी असते. माळरानावर मार्च ते मे काय दिसणार? वाळलेलं गवत. बेडूक पावसाळ्यात बाहेर येतात, गवत पावसाळ्यात फुलतं, तणमोर पावसाळ्यात गवतातून उड्या मारत मादीला बोलावतो. ज्या काळात तिथलं जीवन दिसतं तोच काळ गाळायचा आणि मग लिहायचं, “महत्त्वाच्या प्रजाती आढळल्या नाहीत.”

दुसरी, जमिनीला काय नाव दिलं आहे. “दहा किलोमीटरमध्ये राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य नाही, जमीन पडीक आहे, सबब परिणाम नगण्य” असं वाक्य मी असंख्य वेळा वाचलं आहे. भारतातले बहुतेक लांडगे अभयारण्यांच्या बाहेर राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. पण त्याचं घर माळरान, आणि माळरानाला सरकारी नकाशात नाव ‘पडीक’. इंग्रजांना ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती त्यांनी पडीक ठरवली. इंग्रज गेले, शब्द राहिला.

आता हा शब्द आपल्याकडे कसा येतो ते बघा. पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीत गायरान असतं. गावात ज्यांच्या नावावर सातबारा नाही ते गायरानावर शेळ्या चारतात, सरपण आणतात, तुकडा कसतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. त्या लढ्यामुळे मराठवाड्यात कितीतरी घरांनी गायरानं वहितीखाली आणली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी कितीतरी घरं आजही सातबाऱ्यावर ‘अतिक्रमक’ आहेत. प्रकल्पासाठी जागा शोधताना पाटलाच्या बागायतीला हात लागत नाही. तिथं मोबदला द्यावा लागतो, कोर्ट असतं, आमदार असतो. गायरान सरकारचं, एका सहीत मिळतं. त्या एका सहीत लांडग्याची गुहा जाते आणि आपल्या बाईचा कसलेला तुकडाही जातो.

म्हणून तिसरी गोष्ट मी बघते ती ही, की अहवालात माणसं कुठे आहेत. लोकसंख्येचा तक्ता असतो, अनुसूचित जातींची टक्केवारी असते. पण ती माणसं त्या जमिनीवर काय करतात हे नसतं. मराठवाड्यातल्या एका जनसुनावणीला मी गेले होते. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं आणि मागे सतरंजीवर कोण, हे तुम्हाला सांगायला नको. मी काळवीट आणि लांडग्याबद्दल बोलले. खाली उतरल्यावर एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, “माय, तू हरणासाठी आलीस. आमच्यासाठी कोण येनार?”

मी तिला विचारलं, हरणं कुठं दिसतात? तिनं जागा सांगितली, वेळ सांगितली, कोणत्या ओघळीत लांडग्यानं पिल्लं घातली होती तेही सांगितलं. अहवालात त्या ओघळीचा उल्लेखच नव्हता. त्याच ओघळीच्या वर ती ज्वारी पेरत होती. मी शेऱ्यात दोन्ही लिहिलं: इथं लांडग्याची वीण होते, आणि इथं अमुक इतकी कुटुंबं जमीन कसतात, त्यांचा वापर अहवालात नोंदलेला नाही, सबब पाहणी पुन्हा करावी.

त्यावर एका वरिष्ठांनी बैठकीत शेरा मारला, “यांना प्राण्यांपेक्षा गायरानवाल्यांचीच काळजी जास्त.” जमीनदार घरातून आलेला अभ्यासक कारखानदारांबरोबर जेवतो तेव्हा त्याच्या तटस्थपणावर कुणी शंका घेत नाही. आमच्या आडनावाबरोबर पक्षपात गृहीत धरलेला असतो. मी त्या बैठकीत एवढंच म्हटलं की गुहेच्या जागेचे अक्षांश-रेखांश दिलेत, जाऊन बघा. बघितल्यावर पाहणी पुन्हा करायची अट पडली. प्रकल्प रद्द झाला नाही, पण आखणीतून ती ओघळ आणि तिच्या वरचे तुकडे वगळले गेले.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण वन्यजीव संरक्षणाच्या नावाखालीही आपल्या माणसांवर अन्याय झाला आहे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगरकडचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, बाजार सगळं आलं. वर्षानुवर्षं लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. एवढं करून माळढोक वाढला का? आज तो तिथं क्वचितच दिसतो. लोकांना शत्रू करून पक्षी वाचत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जंगलालगतचे बौद्ध, मातंग, ढिवर, भटके-विमुक्त सगळे या वर्गात येतात. ज्यांच्या आजोबांना शाळेत बसू दिलं नाही, ज्यांची नोंदच कुणी ठेवली नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचे कागद मागायचे. आणि पारध्यांचं तर नाव इंग्रजांच्या काळापासून फक्त पोलिसांच्या वहीत. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, पण शिकार झाली की पहिला संशय अजून पालावरच. तित्तर कुठं अंडी घालतो, तणमोर कोणत्या गवतात उतरतो हे फासेपारध्याइतकं कुणाला कळतं? संशोधक त्यालाच रोजावर घेतात आणि शोधनिबंधात त्याचा उल्लेख ‘स्थानिक मदतनीस’.

एक उपाय दुसरीकडेही बघा. प्रकल्पाला वनजमीन दिली की बदल्यात तेवढ्या वनेतर जमिनीवर झाडं लावायची अट असते. ही जमीन कुठून आणतात? पुन्हा गायरान, पुन्हा माळ. गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावली की लांडगा, खोकड, तणमोर सगळ्यांचं घर मोडतं, आणि कुंपण पडलं की शेळ्याही बंद. याला हिरवाई म्हणतात. असं काही अहवालात दिसलं की मी स्पष्ट लिहिते: हा उपाय नाही, हे दुसरं नुकसान आहे.

तपासणीचा उपयोग होतच नाही असं मात्र समजू नका. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना अभ्यासक आणि कार्यकर्ते अडून बसले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीची. पुढे तिथल्या कॅमेऱ्यांत त्या वाटांनी जाणारे वाघ टिपले गेले. वाघासाठी एवढा खर्च होऊ शकतो हे चांगलंच आहे. माझी मागणी एवढीच की माळरानाच्या लांडग्यासाठी आणि गायरानावरच्या माणसासाठीही कुणीतरी असंच अडून बसावं.

आणि ते कुणीतरी तुम्ही असावं. समित्यांवर, सल्लागार कंपन्यांत, संशोधन संस्थांत आपली मुलंमुली फार थोडी आहेत. हे क्षेत्र कॅमेरा, गाडी आणि बिनपगारी उमेदवारी परवडणाऱ्यांचं झालं आहे. तरी या. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र घेतलं म्हणजे फक्त बीएड किंवा औषध कंपनी एवढंच नसतं. पदवी घेताना नकाशा वाचायला शिका, गवतं ओळखायला शिका, सातबारा वाचायला शिका. आणि पालावर, वस्तीवर जाऊन आपल्या म्हाताऱ्यांचं ऐका. त्यांचं ज्ञान लिहाल तेव्हा त्यांचं नावही लिहा.

ज्यांना या क्षेत्रात यायचं नाही त्यांच्यासाठीही काम आहे. तुमच्या भागात प्रकल्प आला की जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही द्यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवावा लागतो, त्याचा मराठी सारांशही. जैवविविधतेचं प्रकरण उघडा, पाहणी कोणत्या महिन्यात झाली ते बघा, ‘पडीक’ शब्दाखाली खूण करा. आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, म्हणून आपल्या बायांना पुढे बसवा आणि माइकवर बोलू द्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात आलं का, ते तिथंच वाचून घ्या. इतिवृत्तात आलेल्या प्रत्येक आक्षेपाचं उत्तर कंपनीला अंतिम अहवालात द्यावं लागतं, आणि ते उत्तर तपासायला माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. कागदावर आक्षेपच नसेल तर मला तपासायला काही उरत नाही.

त्या म्हातारीला मी काय उत्तर दिलं असं तुम्ही विचाराल. मी म्हटलं, “आजी, हरणाची जागा आणि तुझी जागा एकच आहे. दोन्हीचं लिहून घेते. तू फक्त माइकवर तुझं नाव सांग.” तिनं सांगितलं. ते इतिवृत्तात आहे.

जयभीम!