मेजर परमेश्वरन आणि खांद्यावरचे नाव
(विहाराच्या वर्धापन दिनी अभिवादन सभेत केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. गिरणीतली रात्रपाळी उरकून थेट इथे आलो आहोत. पण कार्यकारिणीने सांगितले, शहीद मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या फोटोला आज हार घालायचा आहे, दोन शब्द बोला. म्हणून उभे राहिलो.

हा फोटो लावायचे ठरले तेव्हा बैठकीत एका तरुणाने सरळ विचारले, "काका, हे गृहस्थ तामिळ. आपल्यातले नाहीत. मग आपल्या विहारात कशाला?" आम्हाला राग आला नाही. प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तरही दिले पाहिजे.

मेजरसाहेबांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ चा, मुंबईचा. शिक्षणही मुंबईतच झाले. १९७२ साली ते अधिकारी झाले आणि महार रेजिमेंटच्या पंधराव्या बटालियनमध्ये दाखल झाले. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना लंकेत उतरली, तेव्हा ते आठव्या महार बटालियनबरोबर तिथे गेले. लंका म्हटले की आपल्याला महेंद्र-संघमित्रा आठवतात, बोधिवृक्षाची फांदी आठवते. बाबासाहेबही १९५० साली कोलंबोच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्या भूमीवर बंदुका चालल्या याचे वाईट वाटतेच. फौज पाठवली ते बरोबर की चूक, हा वाद अजून संपलेला नाही. पण हुकूम सुटल्यावर शिपायाला वाद घालता येत नाही. त्यात समोरचे अतिरेकीही तामिळ, म्हणजे मेजरांच्याच भाषेत बोलणारे. त्या माणसाच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार बंधूंनो आपण करीत नाही.

२५ नोव्हेंबर १९८७. जाफना भागात शोधमोहीम आटोपून त्यांची तुकडी परत निघाली होती. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी गोळीबार सुरू केला. मेजर आडोसा धरून बसले नाहीत. जवान बरोबर घेऊन वळसा घातला, हल्लेखोरांच्या पाठीमागे गेले आणि थेट तुटून पडले. अंगाला अंग भिडले. एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. तशाही स्थितीत त्यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावली आणि त्याला तिथेच संपवला. प्राण जाईपर्यंत ते जवानांना हुकूम देत होते. पाच अतिरेकी ठार झाले. तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले. वय अवघे ४१. सरकारने मरणोत्तर परमवीर चक्र दिले. महार रेजिमेंटला मिळालेले हे एकमेव परमवीर चक्र.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. आमचे मामा या रेजिमेंटमध्ये साधे शिपाई होते. सुट्टीवर गावी आले की डोक्यावर काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात मामांचे नाव आणि खाली 'महार रेजिमेंट'. गावात जो शब्द शिवीसारखा अंगावर फेकायचे, तोच ट्रंकेवर मोठ्या अक्षरात! मामी दर दिवाळीला ती ट्रंक पुसायची.

ती अक्षरे फुकट नाही मिळाली. कोरेगावच्या स्तंभावर आपल्या २२ शूरांची नावे आहेत, 'नाक' शेवटी असलेली. त्यांच्याच वंशजांना पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जमात नाही' म्हणून भरतीतून हाकलले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. १९१७ मध्ये, महायुद्धात गरज पडली म्हणून पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. पुढे तिच्यात सगळ्या जातीप्रांतांचे जवान आले.

कोणी म्हणेल, १९५६ साली नागपूरला आपण ते नाव मागे टाकले. टाकलेच! घरात, दाखल्यावर, लग्नपत्रिकेत ते नको, यावर आम्ही ठाम आहोत. पण मेजर परमेश्वरन यांच्यावर ते नाव जन्माने लादलेले नव्हते. त्यांनी ते खांद्यावर वागवले, पंधरा वर्षे वागवले आणि त्याच्यासकट ते गेले. आम्हाला तरी यापेक्षा जवळचे नाते सांगता येत नाही.

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले. चांगले झाले. पण शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान लंकेत गेले. कोलंबोजवळ कोट्टे इथे त्यांचे स्मारक आहे. मेजरांच्या मागोमाग गोळीबारात शिरलेल्या जवानांची नावे मात्र त्या सन्मानपत्रात नाहीत.

म्हणून एक विनंती आहे. दाराजवळच्या टेबलावर आम्ही एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरातले कोणी फौजेत होते, कोणत्याही पलटणीत, शिपाई असो की खानसामा, त्यांचे नाव, गाव आणि साल लिहून जा. लिहिता येत नसेल त्या आजींनी सांगावे, पोरे लिहून घेतील. मामांचे नाव आम्ही पहिल्या पानावर लिहिलेले आहे. पेन दोरीने बांधला आहे, तो मात्र घरी नेऊ नका.

जयभीम!