घरबसल्या रसायनशास्त्र : पदवीचे श्रेयांक कसे मिळतात ?



हैदराबाद शहरातील हिमायतनगर ही वस्ती शेवटच्या निजामांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावाने ओळखली जाते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. नांदेड-परभणीकडील अनेक विद्यार्थी त्या काळी गाठोडे बांधून या शहरात येत, कारण उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणजे १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ. तेथे रसायनशास्त्रही उर्दूतून शिकविले जाई. ज्याला घर सोडणे शक्य नव्हते, त्याचे शिक्षण तेथेच थांबे.

ही अडचण दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्नही याच प्रदेशात झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेले आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ हे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. पुढचे पाऊल २०१७ मध्ये पडले. त्या वर्षी केंद्र शासनाने 'स्वयम्' ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची योजना सुरू केली.

समजा, हिमायतनगरमधील एक विद्यार्थिनी वाणिज्य शाखेत शिकत आहे. तिला ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक रसायनशास्त्र घ्यावयाचे आहे. परंतु तिच्या महाविद्यालयात तशी सोय नाही. 'स्वयम्'वर तिला चित्रफितीतील व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वाध्याय व शंकासमाधान या चारही गोष्टी मिळतात. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. परीक्षा मात्र घरी बसून होत नाही. ती नेमलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली द्यावी लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रमाणपत्र मिळणे आणि पदवीत श्रेयांक जमा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत अशा अभ्यासक्रमांसाठी २० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. त्यामुळे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येतात. परंतु कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी धरावयाचा, हे विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेने ठरवावयाचे असते. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वीच महाविद्यालयाची लेखी संमती घेणे हिताचे. आधी अभ्यास आणि मग विचारणा, असा उलटा क्रम झाला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम व परीक्षेचे शुल्क व्यर्थ जाण्याचा धोका असतो. गरीब कुटुंबाला हा धोका परवडणारा नाही.

श्रेयांकांची संख्याही पाहून घ्यावी. 'एनपीटेल'चा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारणतः ३ श्रेयांकांचा असतो. पदवीच्या आराखड्यात त्या जागी ४ श्रेयांक हवे असतील, तर एका श्रेयांकाची तूट राहते. मिळालेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. पुढे संस्था बदलली, तरी ते तेथे सुरक्षित असतात. मात्र पेढीच्या नियमांनुसार त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे.

रसायनशास्त्र केवळ पाहून येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. अनुमापनात नळीतून पडणारा शेवटचा थेंब स्वतःच्या हाताने सोडल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. याचा विचार आयोगाच्या नियमांत आहे. प्रयोगशाळा, संगणक व ग्रंथालय यांची सोय मूळ संस्थेने विनामूल्य करून द्यावी आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी एक समन्वयक नेमावा, अशी त्यात तरतूद आहे. हे घडले, तरच पडद्यावरील शिक्षण हातात उतरेल.

वाणिज्य वा कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय कशासाठी, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर हैदराबादजवळच्या नलगोंडा जिल्ह्यात आहे. तेथील भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक असल्याने गावोगावी माणसांचे दात व हाडे बाधित झाली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसल्यास १.५ पर्यंत चालते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरून हा दोष कमी करण्याची रीत बसविली. तिला 'नलगोंडा पद्धत' असेच नाव पडले. पाणी-तपासणीच्या अहवालातील आकडा वाचता येणारा एक तरुण गावात असला, तर ग्रामपंचायतीला केवढा आधार मिळेल !

तेव्हा शिक्षकांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी मान्य अभ्यासक्रमांची यादी सूचनाफलकावर लावावी. अधिकाऱ्यांनी प्रयोगशाळा सुटीच्या दिवशी खुल्या करून द्याव्यात. पालकांनी मुलींना परीक्षा केंद्रापर्यंत जाण्यास साथ द्यावी. एके काळी विद्येसाठी गाव सोडावे लागे. आज विद्या दारापर्यंत आली आहे. तिला पदवीच्या खात्यात नेऊन पोहोचविण्याचे काम मात्र सर्वांनी मिळून करावयाचे आहे.